फड कोणाचा आणि बोल कोणाचे?

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात विडा नावाचे गाव आहे. धुळवडीच्या दिवशी या गावात जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते, हे आता जिल्ह्याबाहेरही अनेकांस ठाऊक झाले आहे. धुळवड जवळ आली की गावचे जावई निसटण्याच्या वाटा शोधू लागतात आणि गावातील तरुण मंडळी त्यांच्या मागावर राहतात. एखादा जावई हाती लागला की त्याच्या गळ्यात पादत्राणांची माळ पडते, त्याला गाढवावर बसवितात, रंग उधळीत आणि वाजतगाजत साऱ्या गावातून फिरवितात. मिरवणूक संपली की मारुतीच्या देवळापाशी त्याच जावयाला नव्या कपड्यांचा आहेर होतो. ही प्रथा काही पिढ्या चालत आलेली आहे.

याकडे शिमग्यातील थट्टा म्हणून पाहून सोडून देता येईल. मला मात्र त्यात थट्टेहून अधिक काही दिसते. जावई हा आपल्याकडील सर्वांत मोठा मानकरी. त्याच्या मानपानापायी मुलीच्या बापाचे कंबरडे मोडते, रान गहाण पडते. पण ही तक्रार वर्षभर कोणी उघड बोलत नाही. धुळवडीच्या दिवशी गाव ती खेळातून बोलून दाखविते. जावयाला ती समजते, आणि तरीही त्याला रागावता येत नाही. कारण खेळाची एक मर्यादा सर्वांनी मान्य केलेली असते आणि शेवटी आहेर करून गाव आपला लोभही व्यक्त करते. जे सरळ शब्दांत सांगितले असते तर वैर झाले असते, ते खेळ म्हणून सांगता येते, ऐकता येते आणि पचविताही येते. लोकांसमोर लोकांनी केलेला प्रयोग हे केवळ करमणुकीचे साधन नसून समाजाने स्वतःशी बोलण्याची ती एक रीत आहे, एवढाच याचा अर्थ.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने या विषयात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, कोणत्याही प्रयोगात काय बोलले जाणार हे पुष्कळ अंशी त्याचा खर्च कोण करतो यावर ठरते. लोककलांविषयी आपण बोलू लागलो की त्यांच्या रसाळपणाचे गोडवे गातो आणि त्या लोप पावत असल्याबद्दल हळहळतो. पण त्यांचा हिशोब मांडीत नाही. तो मांडल्यावाचून हे बोलणे का मंदावले आहे, ते कळणार नाही.

प्रथम या बोलण्याचा गुण कशात होता, ते पाहू. गोदाकाठी पैठणला एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडे रचली, तेव्हा त्यांनी जोशी, वासुदेव, गोंधळी, महार अशी दारोदार फिरणारी, लोकांच्या ओळखीची सोंगे घेतली. लोकांस जो आवाज परिचित होता त्याच आवाजात ते बोलले. भारूड ऐकणारा श्रोता केवळ ऐकत नाही, तो हसतो, ओळखतो आणि मध्येच टोकतोही. संत गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) कीर्तनात तर हा भाग अर्ध्याहून अधिक असे. ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे, आणि कर्ज काढून सण करणे किंवा देवापुढे बकरे कापणे हा मूर्खपणा आहे हे शेवटी श्रोत्यांच्याच तोंडून बाहेर पडे. तमाशातील गवळणीत मावशी आणि बतावणीत सोंगाड्या हेच काम करतात. 'विच्छा माझी पुरी करा' या वसंत सबनिसांच्या लोकनाट्यात दादा कोंडके त्या त्या दिवसाच्या बातम्यांवर जागच्या जागी कोट्या करीत, आणि म्हणूनच एकच खेळ लोक पुन्हा पुन्हा पाहावयास जात.

आमच्या मराठवाड्याला या रीतीचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. निजामी राजवटीत सार्वजनिक सभांवर कडक निर्बंध होते. गश्ती निशाण ५३ या हुकुमाचे नाव जुन्या पिढीच्या तोंडी असे. ज्या काळी सभा भरविणे हाच गुन्हा ठरू शकत होता, त्या काळी गणेशोत्सवातील मेळ्यांनी आणि कीर्तनांनी लोकांस जागे ठेवण्याचे काम केले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्यामागे सत्याग्रह होता, सशस्त्र लढा होता, आणि या पदांचा व संवादांचाही वाटा होता. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव हिंडून गात राहिले आणि ज्यांच्या वस्तीत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते त्यांच्यापर्यंत डॉ. आंबेडकरांचा विचार गाण्यातून पोहोचला. त्याआधी सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातील आशय पार बदलून टाकला होता. साचा ओळखीचा होता म्हणून नवा आशय लोकांस परका वाटला नाही.

या साऱ्या प्रकारांत एक गोष्ट समान आहे. बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांस दिसतात. श्रोत्याला पटले नाही तर तो उठून जातो, हसतो, उलट बोलतो, आणि बोलणाऱ्याला त्याची दखल घ्यावीच लागते.

आता हिशोबाकडे वळू. जुन्या गावगाड्यात गोंधळी, भाट यांची गणना अलुत्यांत होत असे आणि त्यांना खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. वासुदेव दारात येई, त्याला सूपभर धान्य मिळे. भजन-सप्ताहाची वर्गणी घरोघर गोळा होई. म्हणजे ऐकणारे पुष्कळ आणि देणारेही तेच पुष्कळ, अशी स्थिती होती. ती स्थिती आदर्श होती असे मी मुळीच म्हणत नाही. या व्यवस्थेत कलावंताची जात ठरलेली होती, त्याचा वाटा ठरलेला होता आणि त्याची पायरीही ठरलेली होती. तमाशाच्या बोर्डावर ज्या महार, मांग आणि कोल्हाटी समाजाच्या कलावंतांनी महाराष्ट्राला रिझविले, त्यांना बोर्डावरून उतरल्यावर त्याच गावात पाणी वेगळे मिळत असे. नाचणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला काय आले, हे सांगावयास नको. तेव्हा जुने दिवस परत यावेत, अशी इच्छा करणारा मनुष्य एक तर ते दिवस विसरला आहे किंवा त्याला त्यांची झळ लागलेली नाही. गेलेल्या व्यवस्थेतील एक मात्र ध्यानात ठेवावे: प्रयोगाचा खर्च अनेकांच्या कणगीतून येत होता.

१९६६ साली बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा मुख्य सिद्धांत साधा आहे. कारखान्यात यंत्र येते आणि एका कामगाराच्या हातून पूर्वीच्या कितीतरी पट माल निघतो, त्यामुळे मजुरी वाढली तरी मालाची किंमत तितकी वाढत नाही. कलेचे तसे नाही. दोन तासांच्या कीर्तनाला नाथांच्या काळी दोन तास लागत, आजही दोनच तास लागतात. टाळकरी कमी करून कीर्तन भागत नाही. इतर ठिकाणी मजुरी वाढली की कलावंताचीही वाढविणे भाग पडते, आणि प्रयोग इतर वस्तूंच्या मानाने वर्षानुवर्षे महाग होत जातो. मग हा खर्च उचलणारा कोणीतरी शोधावा लागतो. तो श्रोता असेल, सरकार असेल किंवा एखादा धनिक असेल.

आपल्याकडे नेमके हेच घडले आहे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा कार्यक्रम, पतसंस्थेच्या वर्धापनदिनाची भजनसंध्या, सरकारी योजनेच्या प्रचाराचे कलापथक, या सर्वांची सुपारी एकच जण देतो आणि ऐकणारे दुसरेच असतात. जेथे पैसे देणारा आणि ऐकणारा निराळे होतात, तेथे कलावंत पैसे देणाऱ्याच्या मर्जीचे बोलू लागतो. त्यात कलावंताचा दोष नाही, त्यालाही घर चालवावयाचे असते. पण अशा ठिकाणी सोंगाड्याच्या जिभेला लगाम बसतो, श्रोता गिऱ्हाईक होतो आणि प्रयोग जाहिरात होते.

याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली ८०७ आढळल्या. महाराष्ट्रातील हे सर्वांत कमी प्रमाण होते. त्यानंतर प्रबोधनाची लाट आली. कलापथके आली, पथनाट्ये झाली, मुलीचा जन्म हे भाग्य असल्याचे गावोगाव सांगितले गेले. हेतू चांगलाच होता आणि त्याचा काहीच उपयोग झाला नाही असे कोणी म्हणू नये. पण मी पाहिलेल्या अशा प्रयोगांत एकदाही श्रोत्यांतील बाईला कोणी विचारले नाही की, बाई, तुला मुलगी का नको वाटते? तसे विचारले असते तर तिने हुंड्याचा आकडा सांगितला असता, वयात आलेली मुलगी पाचटाच्या कोपीत ठेवून पहाटेच्या काळोखात तोडीला जाताना काय वाटते ते सांगितले असते. ते ऐकावयास पथकाजवळ वेळ नव्हता. ठरलेल्या मिनिटांत खेळ आटोपून, छायाचित्र काढून, सरपंचाची सही घेऊन त्यांना पुढचे गाव गाठावयाचे होते.

येथे मराठी भाषेतील एका शब्दाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो शब्द 'फड'. तमाशाच्या संचाला आपण फड म्हणतो आणि उसाच्या उभ्या रानालाही फडच म्हणतो. दसरा झाला की दोन्ही फडांचा हंगाम सुरू होतो. बीड, पाटोदा, शिरूर, आष्टी, वडवणी, धारूर, केज, परळी या भागांतून काही लक्ष माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात; त्याच सुमारास तमाशाच्या कनाती गावोगाव फिरू लागतात. आणखी एक शब्द दोन्हीकडे सारखाच आहे, तो म्हणजे 'उचल'. नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडी त्याला बांधलेली असते. तमाशाचा फडमालकही हंगामाआधी कलावंतांना उचल देतो आणि त्यासाठी स्वतः सावकाराच्या दारात उभा राहतो. पुणे जिल्ह्यातील नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे कारभारी तेथे येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवितात. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे यात्राच भरल्या नाहीत, तेव्हा उचल घेतलेले कलावंत आणि ती देण्यासाठी कर्ज काढलेले मालक दोघेही एकाच खड्ड्यात पडले.

दोन फड आणि एकच उचल. राबणारा मनुष्य दोन्हीकडे आपले पुढचे सहा महिने आधीच विकून बसलेला असतो. फरक इतकाच की, तमाशाच्या फडातील मनुष्याला निदान बोर्डावर चार शब्द बोलता येतात. उसाच्या फडातील मनुष्याविषयी बोलतात ते इतर. त्याच्या मजुरीचे करार साखर संघ आणि संघटनांचे नेते यांच्यात होतात. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, तेव्हा ज्यांच्यासाठी ती झाली ते ऐन हंगामात सरीत वाकलेले होते. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. त्याच्या चौकशीत जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. वर्तमानपत्रांनी लिहिले, समितीने अहवाल दिला. परंतु ज्या गावांतून या स्त्रिया गेल्या, त्या गावांच्या सप्ताहात, भारुडात किंवा जयंतीच्या गाण्यात हा विषय निघालेला मी तरी ऐकला नाही. गावाच्या देहावर एवढी मोठी जखम आणि गाव स्वतःशी तिच्याविषयी बोलत नाही, याला काय म्हणावे?

याला उत्तर म्हणून कोणी मोबाईलकडे बोट दाखवील. ते सर्वस्वी चूक नाही. तोडीच्या तळावर रात्री कोपीत कीर्तन ऐकले जाते ते मोबाईलवर, आणि कित्येक तरुण जोडपी मोळी बांधता बांधता स्वतःच गाणी म्हणून त्यांची चित्रफीत करतात. ही माणसे मुकी नाहीत, याचा तो पुरावाच आहे. पण ज्याने उत्तर द्यावयाचे तो तेथे समोर नसतो. मुकादम, कारखान्याचा अधिकारी, दवाखान्यातील डॉक्टर, गावचा सरपंच यांच्यापैकी कोणालाही ती चित्रफीत पाहून जागचे हलावे लागत नाही. गाढवावर बसलेला जावई जसा साऱ्या गावाच्या समोर असतो, तसे कोणी समोर असावे लागते.

समोर कोणी असले म्हणजे काय होते, ते मी एकदा पाहिले आहे. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात काही विद्यार्थ्यांनी अर्ध्या तासाचा एक वग बसविला होता. सारी मुले ऊसतोड कुटुंबांतील. विषय एकच, हंगामाच्या शेवटचा हिशोब. मुकादम वही उघडतो, खाडे मोजतो, दवाखान्याला दिलेले पैसे लिहितो, आणि सहा महिने राबलेली जोडी उलट देणेकरी ठरते. प्रेक्षागृह हसत होते. इतक्यात मागच्या रांगेतून एक पन्नाशीचा मनुष्य उठला. तो एका विद्यार्थ्याचा बाप होता आणि पेशाने मुकादम होता. तो म्हणाला, "पोरांनो, माझी वही दाखविली, आता कारखान्याची वही कोण दाखविणार? दोन कोयते पळाले तर माझे रान जाते, ते का नाही दाखविले?" सभागृह शांत झाले. मग बायकांच्या बाजूने एक म्हातारी म्हणाली, "आणि आमचे नाव दोघांच्याही वहीत नसते. एक कोयता म्हणून नवऱ्याचेच नाव लागते."

त्यानंतर अर्धा तास जे बोलणे झाले, तसे माझ्या वर्गात एकदाही झालेले नाही. श्रमाचा करार, आगाऊ रक्कम, जोखमीची वाटणी हे शब्द मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. जोखीम वरून खाली कशी सरकत जाते आणि शेवटी बाईच्या अंगावर कशी पडते, हे मला त्या दिवशी नीट उमगले. वगात दाखविलेला हिशोब अपुरा होता. तो पुरा केला श्रोत्यांनी. आणि त्या प्रयोगाचा खर्च किती आला होता, तर विद्यार्थ्यांनी आपसांत काढलेली वर्गणी आणि शेजारच्या गावातून मागून आणलेली ढोलकी!

यावरून काही सूचना कराव्याशा वाटतात. पहिली सूचना गावांसाठी आहे. हरिनाम सप्ताह, यात्रा, जयंत्या यांसाठी आजही घरोघर वर्गणी जमते. त्यातील मोठा भाग मांडव, विद्युत रोषणाई आणि कानठळ्या बसविणारा डीजे यांवर जातो. डीजे पुढे असला म्हणजे शेजारच्याशीसुद्धा बोलता येत नाही, मग गावाशी काय बोलणार? या वर्गणीतून एक रात्र गावानेच बसविलेल्या भारुडासाठी किंवा वगासाठी राखून ठेवावी. ती चैत्र-वैशाखात असावी, म्हणजे तोडीला गेलेली माणसे परतलेली असतात आणि त्यांच्यापाशी सांगण्यासारखे ताजे असते.

दुसरी सूचना शासनासाठी. कलापथकांवर होणारा खर्च बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण त्यावर अनेक गुणी शाहिरांचे घर चालते. पण खेळ संपल्यावर निदान अर्धा तास श्रोत्यांचा राहावा आणि त्या खात्याचा अधिकारी तेथे बसून असावा, एवढी अट सुपारीतच घालावी. हंगामात ही पथके कारखान्यांच्या तळांवरही जावीत आणि समोर तोडणी करणारी माणसे असताना साखर कारखान्याचा प्रतिनिधी श्रोत्यांत बसलेला असावा.

तिसरी सूचना आम्हा शिक्षकांसाठी. स्नेहसंमेलनातील सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच मुलांना आवडतात, ते खुशाल असू द्यावेत. पण वर्षातून एक प्रयोग मुलांनी आपल्या घराविषयी स्वतः रचावा, आणि तो पाहावयास पालकांस बोलवावे. आपण लिहून देऊ नये, उपदेश घालू नये. मुलांना घरचा हिशोब आपल्याहून चांगला ठाऊक असतो.

येथे एक शंका निघेल. असे उघड बोलणे झाले म्हणून कोणाची उचल फिटणार आहे काय? फिटणार नाही. त्यासाठी कायदा हवा, तोडणाऱ्या प्रत्येक हाताची, स्त्रीच्या नावासकट, नोंद हवी, जिल्ह्यात पाणी आणि काम हवे. परंतु यांतील कोणतीही मागणी आधी कोणीतरी मोठ्याने उच्चारावी लागते, आणि ती ज्याची आहे त्याने उच्चारली तर तिला वजन येते. नावाची नोंद हवी ही मागणी त्या म्हातारीने कोणत्याही निवेदनात लिहिली नसती. मुलांनी वही उघडण्याचे सोंग आणले, म्हणून तिला बोलण्याची जागा मिळाली.

यंदाच्या धुळवडीला विड्यात पुन्हा गाढव सजेल, कोणीतरी जावई सापडेल आणि गाव त्याला आपले म्हणणे ऐकवील. त्या दिवशी जिल्ह्यातील कित्येक घरांना मात्र कुलूप असेल, कारण होळीच्या सुमारास अनेक टोळ्या अजून फडातच असतात. ती माणसे परतली की त्यांचे म्हणणे कोठे, कोणापुढे आणि कोणाच्या खर्चाने मांडले जाणार, हे गावांनी आताच ठरवावयास हवे.